डावी बाजू अर्धा इंच सैल

मुक्ता तीन दिवस डावीकडे तोंड लावत नव्हती. उजवीकडे पोटभर प्यायची. डावीकडे घेतलं की ओठ घट्ट मिटायची, मान मागे टाकायची आणि वरच्या पंख्याकडे बघत राहायची, जणू या बाईशी आपली ओळखच नाही.

"पाच महिन्यांची हाय, पण हट्ट बघ कसा. थेट माझ्या सासूचा," सावित्रीबाई म्हणाल्या. सावित्रीबाई म्हणजे मुक्ताच्या आजी, सविताच्या सासूबाई. सविता त्यांना आत्या म्हणायची.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना साबणाचा हात डाव्या बाजूवरून फिरला आणि काखेच्या अंगाला एका जागी थांबला. आत गाठ होती. चिंचोक्याहून मोठी, आवळ्याहून लहान. दाबली तर दुखत नव्हती, सरकवली तर सरकत नव्हती. बादलीतलं पाणी निवेपर्यंत सविताने त्या जागेवरचं बोट काढलं नाही. दुखली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. गाठीनं दुखावं अशी इच्छा धरायला तिला तिच्या आईच्या दवाखान्यातल्या फायलीने शिकवलं होतं.

बाहेर सावित्रीबाई पाय लांब करून, पायांवर मुक्ताला पालथी घेऊन तेल चोळत होत्या. सविताने सांगितल्यावर तेलकट हातानेच त्यांनी चाचपून पाहिलं. सव्वा महिना याच हातांनी तिला चोळलं, शेकलं होतं. आता लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"दुधाची गाठ हाय," त्या म्हणाल्या. "पोरगी पीत नाय, दूध साचलं, गोठलं. मला समाधान झाला तेव्हा दोन आल्या होत्या, लिंबाएवढ्या. लाकडी फणी गरम कर, वरून खाली फिरव. रात्री कोबीचं पान ठेव. चार दिसांत पाणी होतंय बघ."

"आत्या, ही दुखत नाही."

"मंग चांगलंच हाय की! माझी तर ठणकायची, देव आठवायचे."

सविताने पदर सारखा केला. पुढे बोलायचं म्हटलं तर आईपर्यंत जावं लागलं असतं, आणि त्या वाटेवर वडिलांनी काटे घालून ठेवले होते.

आईला जाऊन नऊ महिने झाले होते. नवसाबाई तिचं नाव. नामपूरला राहायची. वडील पुंजाराम निकम बाजार समितीत मापाडी. ट्रॉलीतला कांदा तोलायचा आणि खणखणीत आवाजात वजन पुकारायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. दिवाळीच्या आधी आईच्या छातीतला आजार सापडला, आणि चैत्रात ती गेली. सापडला तेव्हाच तो यकृतात उतरला होता. शेवटी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. 'कावीळ' हा शब्द घरातल्या कोणी शोधून काढला नाही. शेजारची बाई बघायला आली, डोळे पाहून म्हणाली, "कावीळ झाली का हो?" आणि वडिलांनी मान हलवली. एवढंच झालं. पुढे ती मान सगळ्या घराने हलवत ठेवली.

कारण साक्षी. सविताची धाकटी बहीण. आईला असला आजार होता म्हटल्यावर पोरीकडे लोक कसे बघतात ते वडिलांनी बाजारात पाहिलेलं होतं. त्यात स्थळ आलं ते सावित्रीबाईंच्याच माहेरचं. देवळ्याचे जयराम हे त्यांचे चुलतभाऊ. त्यांच्या मुलाला साक्षी सावित्रीबाईंनीच सुचवली. सुपारी फुटली, वैशाखातली तारीख धरली गेली. त्या दिवशी वडिलांनी सविताला गोठ्याच्या बाजूला नेलं होतं.

"साक्षीनं लगीन व्हऊ दे, बेटा," ते अहिराणीत म्हणाले होते. "तवलोक तोंडमाईन शबद काढू नको. तुनी सासूपुढे तर नकोच."

समाधानला, सविताच्या नवऱ्याला, सगळं ठाऊक होतं. सविताच्या आईला नाशिकला दवाखान्यात नेणं-आणणं त्यानेच केलं होतं. पण त्यानेही स्वतःच्या आईला सांगितलं नाही. सासरच्या घरात राहून माहेरचं गुपित राखायचं, हे काम सविता एकटीच करत नव्हती, एवढाच काय तो आधार.

आठ दिवस फणी फिरवली. कोबीची पानं ठेवली. गाठ हलली नाही. तेव्हा सविताने नाशिकरोडच्या एका सर्जन बाईंची वेळ घेतली. मुक्ताला सांभाळायला सावित्रीबाई बरोबर आल्या, आणि केबिनमध्येही आल्या. नातीला मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसल्या.

डॉक्टर तरुण होत्या, हात उबदार करून मगच तपासणाऱ्या. तपासून झाल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला.

"ताप येतो? लालसर होतं?"

"नाही."

"घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर? आई, मावशी, आजी?"

शेजारी मुक्ता उचकी देत होती. सावित्रीबाई तिच्या टाळूवर फुंकर घालत होत्या, पण त्यांचा कान इकडेच होता.

"नाही," सविता म्हणाली.

"तिची आई काविळीनं गेली बिचारी," सावित्रीबाईंनी मदत केली. "कशाचं व्यसन नाय, काय नाय. तरी कावीळ."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, दूध पाजणाऱ्या बायकांमधल्या बहुतेक गाठी दुधाच्याच असतात. घरात कोणाला नाही, म्हणून लगेच सुया टोचायला नकोत. शेक द्या, त्या बाजूचं दूध पिळून काढत राहा. "पण दोन आठवड्यांनी यायचंच. गेली असली तरी दाखवून जायचं. राहिली असली तर सोनोग्राफी."

सविता शाळेत मराठी शिकवायची. चुकीच्या उत्तरावर लाल शाईने गोल करायचा आणि समासात बरोबर उत्तर लिहायचं, ही तिची दहा वर्षांची सवय. रिक्षात बसल्यावर तिला तो कागद डोळ्यांपुढे दिसत राहिला. त्यावर तिने स्वतः दिलेलं चुकीचं उत्तर होतं, आणि गोल करायला कोणी नव्हतं.

"बघ, मी काय म्हणत होते?" सावित्रीबाई खूश होत्या. "डॉक्टरीण पण तेच बोलली. उगं जिवाला घोर लावून घेतलास."

पुढचे दिवस शेकाचे गेले. सकाळी शेक, दुपारी शेक. लष्कराच्या कॅम्पापलीकडच्या रेंजवर तोफांचा सराव चालला की खिडकीच्या काचा हलायच्या; मुक्ता जन्मापासून ते ऐकत होती, तिची झोप मोडत नसे. सविता तिच्याकडे बघत बसायची. बघताना बोट आपोआप त्या जागी जायचं. रोज तीच जागा, तोच आकार. कधी वाटायचं जरा लहान झाली. मग कळायचं, की आपण हलकेच दाबतोय म्हणून तसं वाटतंय.

दोन आठवडे होऊन गेले. सविता दाखवायला गेली नाही. त्या आठवड्यात साक्षीचा बस्ता होता. लग्नाच्या साड्या घ्यायला देवळ्याची माणसं नाशिकला आली होती. साक्षी दुकानात प्रत्येक साडी अंगावर धरून सविताकडे बघायची. आईने जिथे मान डोलवली असती तिथे सविता मान डोलवायची. बस्त्याच्या आठवड्यात दवाखाना नको, असं तिने स्वतःला सांगितलं. नंतर मुक्ताला सर्दी झाली. मग एकादशी आली. न जाण्याला कारण शोधावं लागत नाही. ते आपसूक दारात येऊन उभं राहतं.

समाधानचं दुकान कॅम्पाच्या बाजारात, वडिलांच्या वेळेपासूनचं. जवानांच्या वर्द्या शिवणं, वर्दीवर फिती आणि बिल्ले बसवणं हे मुख्य काम. नव्या तुकड्या आल्या की बसायला फुरसत नसे. बाकी वेळ ब्लाउज शिवायचे. कॅम्पातल्या बायका म्हणत, वर्दी शिवणाऱ्याच्या हातची शिवण वर्षानुवर्षं उसवत नाही.

एक फेब्रुवारीपासून सविताची शाळा सुरू होणार होती. त्याआधीच्या मंगळवारी ती दुपारचा डबा घेऊन दुकानात गेली. पिशवीत दोन ब्लाउजपीस आणि मापाचं जुनं ब्लाउज होतं.

"हुक पुढून ठेवा," ती म्हणाली. "शाळेत दूध काढायला बरं पडेल. आणि डाव्या बाजूने जरा सैल ठेवा. पट्टी टोचते."

मशीन चालू होतं ते थांबलं. समाधानने पायडलवरून पाय काढले. कानावरचा खडू काढून फळीवर ठेवला.

"काय म्हणालीस?"

"हुक पुढून."

"त्याच्यानंतर."

"डाव्या बाजूने जरा सैल. का हो? कापड कमी आहे का?"

तो उठला. मागच्या कपाटात मापांच्या वह्या होत्या, लांबट, रेक्झिनच्या पुठ्ठ्याच्या. वर्दीच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. त्याने खालून दुसरी ओढली, पानं उलटली, आणि कुठे थांबायचं हे त्याला आधीच माहीत असल्यासारखा एका पानावर थांबला. वही तिच्यापुढे न ठेवता तो तशीच हातात धरून उभा राहिला.

"हे मी आधी ऐकलंय, सविता. शब्द न शब्द. 'जावईबापू, डाव्या बाजूने जरा सैल ठेवा.'"

तिने वही त्याच्या हातातून घेतली. त्याचं अक्षर होतं. नामपूर, आई. मापाचे आकडे. खाली एक ओळ: डावी बाजू अर्धा इंच सैल. तारीख ११ जुलै २०२१.

"पुढे अजून आहे," तो म्हणाला.

पुढच्या वर्षीचं पान कोरं गेलं होतं. त्याच्या पुढे ३ फेब्रुवारी २०२३. नामपूर, आई. डावी बाजू एक इंच सैल. काखेत शिवण नको, टोचते.

बाहेर दोन जवान फिती विचारायला आले. समाधानने त्यांना हातानेच थांबा म्हटलं. ते थांबले, मग निघून गेले.

"मला वाटलं, अंग सुटलं असेल," तो म्हणाला. "अंग सुटलं की दोन्ही बाजूंनी सुटतं. हे मी पोरांना शिकवतो कामावर ठेवतो तेव्हा. एकाच बाजूला कापड कमी पडलं तर शिवणीत चूक असते, नाहीतर..." तो थांबला. "कळायला पाहिजे होतं मला. कळलं पण असेल. पण जावयाने सासूला काय विचारायचं? तुला तरी सांगायचं. त्याचीही लाज वाटली. कोणत्या तोंडाने सांगू, की तुझ्या आईच्या छातीकडे माझं लक्ष गेलं?"

सविताचं लक्ष तारखेवर होतं. आईला नाशिकला पहिल्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, गाठ कधीपासून? आई म्हणाली होती, "झाले असतील दोन महिने." फायलीत तेच लिहिलंय. वहीत सव्वादोन वर्षं होती.

आणि तो जुलै तिला वेगळ्याच कारणाने पाठ होता. त्या जुलैत तिचा पहिला गर्भ गेला. आई नामपूरहून आली आणि पंधरा दिवस इथेच राहिली. डिंकाचे लाडू केले. सविता भिंतीकडे तोंड करून पडायची, आई पाठीमागे बसून केस विंचरायची आणि बाजारातल्या गमती सांगायची, की एका शेतकऱ्याने वडिलांनाच काट्यावर उभं केलं, "मापाडीचं माप कोण काढणार?" म्हणाला. सविताला हसू आलं नव्हतं. आई एकटीच हसत होती. तिने येताना पिशवीत मापाचं ब्लाउज आणलं होतं. दुसरा हात त्या वेळीही अधूनमधून पदराखाली जात असेल. सविता भिंतीकडे बघत होती.

"तुम्ही आत्ता नुसतं सैल करून दिलं असतं तर?" ती म्हणाली. "मीसुद्धा. अजून दोन वर्षांनी. एक इंच."

समाधानने मापाचं ब्लाउज उचललं, घडी केली आणि तिच्या पिशवीत परत ठेवलं.

"हे मी सैल करणार नाही," तो म्हणाला. "उद्या दुकान बंद."

दुसऱ्या दिवशी तिघं गेले, आणि मांडीवर मुक्ता. सावित्रीबाईंना थांबा म्हणता आलं असतं. समाधान म्हणालाही, "आई, तू बाहेर बस." पण सविताने त्याच्या हाताला स्पर्श केला. जे सांगायचं ते आत्यांच्या पाठीमागे सांगितलं तर पुन्हा तेच झालं असतं.

डॉक्टरांनी कागद उघडला. सविता खुर्चीत बसायच्या आधीच बोलली.

"मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. माझी आई काविळीने गेली नाही. तिला स्तनाचा कॅन्सर होता. तिने दोन वर्षांहून जास्त लपवला, आणि ती गेल्यावर आम्ही लपवला."

केबिनमध्ये पंखा फिरत होता. मुक्ताच्या टोपीची नाडी सुटली होती, ती सावित्रीबाईंनी बांधली. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मागच्या वेळच्या उत्तरावर एक सरळ रेघ मारली, वर नवं लिहिलं. सविताला बरं वाटलं. म्हणजे जितकं वाटू शकत होतं तितकं. सोनोग्राफी त्याच दुपारी झाली. काळ्या पडद्यावर एक वेडीवाकडी, काठ कुरतडल्यासारखी सावली होती. "सुईने तुकडा घ्यावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी."

घरी जाताना रिक्षाने बिटको चौक ओलांडला तेव्हा सावित्रीबाईंनी विचारलं.

"समाधानला म्हाईत होतं?"

"हो, आत्या."

"म्हणजे मला एकटीलाच नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "मी तुझं बाळंतपण केलं. आई नाय म्हणून दुप्पट केलं. तुला रात्री रडताना ऐकलं, तेव्हा मी म्हणायचे, कावीळ काय, आज हाय उद्या बरी, हिच्या आईचंच नशीब खोटं. अन् तू मला तसं म्हणू दिलंस."

सविताने मुक्ताची टोपी कानावर ओढली.

"आता जयरामला मी काय तोंड दाखवू? त्याच्या घरात पोरगी मी घातली."

दुसऱ्या दिवशी सुई घेतली. स्टेपलरसारखा आवाज झाला, चार वेळा. नर्सने कापूस दाबून धरला; कापसावर रक्त आलं आणि रक्ताच्या कडेने पांढरं दूध. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नव्हतं. पाजायला हरकत नाही, नर्स म्हणाली. अहवाल आठ दिवसांनी.

त्या आठ दिवसांत दोन फोन झाले. तिसऱ्या दिवशी सावित्रीबाईंनी स्वतः देवळ्याला लावला. स्वयंपाकघरात उभ्या राहून, सविताला ऐकू जाईल अशा आवाजात. "जयराम, ऐक. पोरीची आई काविळीनं नाय गेली. छातीच्या दुखण्यानं गेली. मोठीला बी गाठ हाय, तपासायला दिलीय. दुसऱ्याच्या तोंडून तू ऐकशील, त्यापरीस माझ्या तोंडून ऐक. पोरगी चांगली हाय. पुढं तुझं तू बघ." पलीकडून काय आलं ते कळलं नाही. फोन ठेवून त्या कणीक मळायला बसल्या. कणकेचा गोळा झाल्यावर म्हणाल्या, "विचार करून कळवतो म्हणाला." लग्नाच्या बोलण्यात या वाक्याचा अर्थ काय असतो, ते दोघींना कळत होतं.

दुसरा फोन नामपूरहून आला; बातमी तिकडे पोचली होती. वडील काही बोलले ते ओरडणं होतं, मग नुसता श्वास, मग साक्षीने फोन घेतला.

"ताई, दुखतं का?"

"नाही."

"आईचंही दुखत नव्हतं," साक्षी म्हणाली. मग, "लग्नाचं राहू दे. मला पण तपासून घ्यावं लागेल ना?"

"हो."

"आण्णांना तू सांग. मी सांगितलं तर ते पुन्हा हळू आवाजात बोलायला लागतील."

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी फिरवून-फिरवून सांगितलं नाही. कॅन्सर आहे, म्हणाल्या. लहान आहे. काखेत पसरलेला दिसत नाही. आधी औषधं, मग ऑपरेशन. वर्षभर तरी हेच. "अजून वर्षभर थांबला असतात तर यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य मला बोलता आलं नसतं."

"दूध?" सविताने विचारलं.

"सोमवारी औषध सुरू होईल. त्याआधी बंद करू."

म्हणजे चार दिवस. सविताने ते चार दिवस मोजले नाहीत. मुक्ताने मोजायचा प्रश्नच नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी ती उजवीकडे प्यायली, झोपेत तोंडातून दूध ओघळलं, आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, तिने आपणहून डावीकडे तोंड नेलं. क्षणभर. चव घेतल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. सावित्रीबाई दारात उभ्या होत्या. वाटी-चमचा त्यांनी आधीच उकळून ठेवला होता. "आण इकडं," त्या म्हणाल्या आणि नातीला उचलून आत घेऊन गेल्या. आतून त्यांचा आवाज येत राहिला, "रडू नको गं माझे बाई, आपण दोघी पिऊ," पण मुक्ता रडत नव्हती.

सोमवारी नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नाव नोंदवायचं होतं. वडील आणि साक्षी नामपूरहून पहिल्या बसने आले. वडिलांनी सविताकडे नीट पाहिलं नाही. मुक्ताला मांडीवर घेतलं आणि तिच्याशी अहिराणीत हळू हळू काही बोलत बसले. देवळ्याहून अजून काही कळवलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

खिडकीतली मुलगी संगणकावर माहिती भरत होती. नाव, वय, पत्ता. मुलं किती, किती महिने पाजलं. सविता सांगत गेली. समाधान फाईल धरून बाजूला उभा होता.

"घरात याआधी कोणाला होता का?"

सविताने तोंड उघडलं, पण मागून उत्तर आलं.

"हिनी मायले." वडील उभे राहिले होते. मुक्ता साक्षीकडे गेली होती. "हिच्या आईला. नवसाबाई पुंजाराम निकम."

बाजारात वजन पुकारायचे त्या आवाजात ते बोलले होते. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. वडील खाली बसले नाहीत. नऊ-दहा महिने गिळलेलं एकदम बाहेर आलं, म्हणून की काय, त्यांच्या मानेची शीर उडत होती.

"त्यांना कळलं तेव्हा वय किती होतं?" मुलीने विचारलं.

"त्रेपन्न," वडील म्हणाले. "मागल्या दिवाळीच्या आधीची दिवाळी. आम्हीच आणलं होतं नाशिकला."

"एक्कावन्न," सविता म्हणाली.

"त्रेपन्न, बेटा. मी होतो ना."

"आपल्याला कळलं तेव्हा त्रेपन्न, आण्णा. तिला कळलं तेव्हा एक्कावन्न." सविताने समाधानकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "अकरा जुलै दोन हजार एकवीस."

पुंजाराम निकम उभ्या आयुष्यात तोंडी हिशेबात चुकले नव्हते. सविताने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ न बोलता हलले. वर्षं, महिने, मग त्या महिन्यांत त्यांच्याबरोबर जेवलेली, कांद्याच्या खळ्यावर उन्हात बसलेली, आजारी मुलीकडे लाडवांचा डबा घेऊन गेलेली बाई. बेरीज पुरी झालेली तिला दिसली. त्यांनी हात पुढे केला, आणि तो धरायला समाधान आला.

मुलीने तारीख टाइप केली आणि पुढचा प्रश्न विचारला.